अर्ध्या सुराची चूक

१९९४ साली सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका बोळात कोऱ्या कॅसेटवर हवी ती गाणी भरून देणारे एक छोटे दुकान होते. वहीच्या कागदावर यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट दुकानदाराकडूनच घ्यायची आणि चार दिवसांनी जाऊन भरलेली कॅसेट आणायची, असा तिथला व्यवहार होता. बहुतेक गिऱ्हाइके हिंदी सिनेमाची गाणी भरून घेत. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की भक्तिगीतांची गर्दी होई. मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होतो, वसतिगृहात राहणाऱ्या मुंबईच्या एका सीनियरकडून लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचे नाव नुकतेच कानावर आले होते, आणि त्याच्याकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणलेल्या कॅसेटची मला ६० मिनिटांची एक प्रत करून हवी होती. दुकानदाराने ती उलटसुलट करून पाहिली, "यात गाणी हायत का नुसता दंगा?" असे विचारले, आणि तरीही भरून दिली.

ती कॅसेट मी सात वर्षे ऐकली. २००१ साली नोकरीसाठी पुण्यात असताना पहिल्या काही पगारांतून त्याच गाण्यांची सीडी घेतली, मोठ्या हौसेने लावली, आणि माझा चेहरा पडला. गाणी संथ वाटली, त्यांचा गायक रॉबर्ट प्लांट याचा आवाज जड झाल्यासारखा वाटला, आणि ज्या किंकाळीने माझ्या अंगावर काटा येई ती इथे नुसती एक उंच तान होती. सीडीतच दोष असावा, असे मी दोन दिवस धरून चाललो होतो. मग एका मित्राच्या पेटीवर सूर जुळवून पाहिले तेव्हा उलगडा झाला. नवी पेठेतल्या त्या दुकानदाराचे मूळ कॅसेट वाजवणारे यंत्र वेगाने फिरत होते. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो, आणि सात वर्षे मी अर्धा सूर वर चढलेला झेपेलिन ऐकत होतो. जगात तो तसा कुठेच अस्तित्वात नव्हता. फक्त सोलापुरात, आमच्या साखर पेठेतल्या वरच्या खोलीत होता.

हे सगळे आत्ता आठवण्याचे कारण म्हणजे ग्रेटा व्हॅन फ्लीट या बँडचा २१ जुलै २०२३ रोजी आलेला 'स्टारकॅचर' हा अल्बम. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जर्मन लोकांनी वसवलेले फ्रँकेनमुथ नावाचे पाचेक हजार वस्तीचे गाव आहे. तिथले जॉश आणि जेक किश्का हे जुळे भाऊ, त्यांचा धाकटा भाऊ सॅम आणि मित्र डॅनी वॅग्नर अशा चौघांचा हा बँड. जॉश गातो, जेक गिटार वाजवतो, सॅमकडे बेस आणि कीबोर्ड, डॅनीकडे ड्रम. २०१२ मध्ये बँड सुरू झाला तेव्हा जुळे भाऊ १६ वर्षांचे होते. गावातल्याच एका बाईंच्या नावातले एक अक्षर गाळून त्यांनी बँडचे नाव ठेवले. त्यांचा पेहराव, केस, गिटारचा सूर, गाण्यांची चाल आणि मुख्य म्हणजे जॉशचा तो वरच्या पट्टीतला, घशाच्या टोकावर उभा असलेला आवाज, सगळे काही १९७० च्या आसपासचे. 'फ्रॉम द फायर्स' या त्यांच्या सुरुवातीच्या संग्रहाला २०१९ मध्ये सर्वोत्तम रॉक अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आणि २०१८ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या अल्बमला पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या अमेरिकी संकेतस्थळाने १० पैकी १.६ गुण देऊन अक्षरशः धुतले. स्वतः प्लांटने २०१८ मध्ये एका मुलाखतीत, ही पोरे म्हणजे आमचा पहिला अल्बमच आहेत, अशा अर्थाचे काहीतरी म्हटले आणि त्या गायकाचा मला राग येतो, अशी कोपरखळीही मारली.

मला हा बँड पहिल्यांदा ऐकवला तो माझ्या भाच्याने, २०१८ च्या दिवाळीत. दोन मिनिटे ऐकून मी म्हणालो, "डुप्लिकेट आहे हे." तो हिरमुसला, आणि मला वाटले की चर्चा संपली.

पण सोलापुरात 'डुप्लिकेट' हा शब्द सहज टाकून देण्याजोगा नाही. आमच्या अप्पांचा सगळा संसार नकाशीवर, म्हणजे चादरीच्या डिझाइनवर, चालला. ते जेकार्डच्या मागासाठी पुठ्ठ्याचे पत्ते पाडत. मोर, कमळ, बुद्धिबळाच्या चौकटी, वेलबुट्टी, जे काही चादरीवर उमटायचे ते आधी चौकटीच्या कागदावर रंगवायचे; मग एकेका चौकटीचा हिशेब धरून पुठ्ठ्यावर भोक पाडायचे किंवा कोरे सोडायचे. भोक असेल तिथे मागावरचा हूक उभा धागा उचलतो, कोरे असेल तिथे तो खालीच राहतो, आणि मधून आडवा धागा घेऊन धोटा निघून जातो. पत्ते पाडायच्या त्या यंत्राला बोटांनी दाबायच्या पट्ट्या असतात, म्हणून त्याला पियानो मशीन म्हणतात. लहानपणी मला खरोखर वाटे की अप्पा काहीतरी वाजवतात. दोऱ्यात ओवलेल्या पत्त्यांची माळ मागावर चढली की तीच नक्षी वर्षानुवर्षे निघत राही, आणि एका बाजूला निळ्यावर पांढरा असलेला मोर उलट्या बाजूला पांढऱ्यावर निळा दिसे.

अशाच एका मोराच्या डोळ्यापाशी अप्पांच्या हातून एक भोक चुकले होते. ते लक्षात आले तोवर शेकडो चादरी विकून झाल्या होत्या, आणि गिऱ्हाइकाला काही दिसतही नव्हते, म्हणून ते तसेच राहिले. पुढे काही वर्षांनी कुठल्याशा लग्नात आहेर म्हणून आलेली एक चादर अप्पांनी उलगडली, मोराच्या डोळ्याजवळ बोट नेले आणि म्हणाले, "ही माझी." ती त्यांनी पत्ते पाडलेल्या मागावरची नव्हती. कुणीतरी त्यांची चादर समोर ठेवून धागा न् धागा मोजत नक्षी उतरवली होती, आणि उतरवताना चूकही प्रामाणिकपणे उतरवली होती. अप्पा रागावले असतील, असे मला वाटले होते. ते रागावले नाहीत. नक्षी उचलणे हा या धंद्यातला रोजचा प्रकार आहे, मोर काही कुणाच्या बापाचा नाही, असे ते म्हणत. त्यांना संताप येई तो वेगळ्या गोष्टीचा. परमुलखातल्या मागावर विरळ विणलेली, दोन धुण्यांत पोत सोडणारी चादर 'सोलापुरी' असा शिक्का मारून विकली जाते, तिला ते डुप्लिकेट म्हणत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळूनही ती विक्री थांबलेली नाही, ही सोलापूरच्या पूर्व भागातल्या प्रत्येक कारखानदाराची आजची तक्रार आहे.

म्हणजे डुप्लिकेट ठरवायला दोन प्रश्न पुरतात: नाव कुणाचे लावले आहे, आणि वीण कशी आहे. मोर कुणाचा, हा प्रश्न त्यात येतच नाही. या मापाने ग्रेटा व्हॅन फ्लीटला डुप्लिकेट म्हणता येत नाही, कारण ते स्वतःच्या नावाने विकतात. शिवाय ज्यांची नक्षी उचलल्याचा आरोप आहे त्यांचे तरी काय? झेपेलिनने शिकागोच्या ब्लूजमधून, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून, इतके उचलले की तिथले गीतकार विली डिक्सन यांना १९८५ मध्ये दावा लावावा लागला, तो तडजोडीने मिटला, आणि त्यांचे नाव एका अत्यंत गाजलेल्या गाण्याच्या रचनाकारांत घालावे लागले. इथे नाव न लावण्याचाच गुन्हा होता, आणि अप्पांच्या व्याख्येप्रमाणे त्या एका गाण्यापुरते झेपेलिनच डुप्लिकेट ठरतात. हेच झेपेलिनचे गिटारवादक जिमी पेज आणि प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपलीच दोन गाणी सतार-तबल्याच्या वळणाने वाजवून पाहिली, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. ज्यांना आपण मूळ म्हणतो तेही असे कुणाच्या ना कुणाच्या मागावर बसूनच शिकलेले असतात.

आपल्याकडे तर नकलेला शिकण्याचा पहिला टप्पा म्हणूनच मान आहे. कुमार गंधर्वांचे उदाहरण घ्या. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा, त्यातल्या दमासकट गाऊन दाखवत, आणि त्या करामतीवरच त्यांना 'कुमार गंधर्व' ही पदवी मिळाली. पुढे देवधर मास्तरांकडे ते शिकले, आजारपणात वर्षानुवर्षे गाणे बंद राहिले, आणि त्यानंतर जे गाणे बाहेर आले ते कुणासारखेच नव्हते. फ्रँकेनमुथच्या पोरांची तुलना मी कुमारांशी करतो आहे, असे कुणी समजू नये. मला एवढेच म्हणायचे आहे की, कुणी कुणासारखे गाते हे ऐकल्यावर पहिला प्रश्न 'लाज कशी वाटत नाही' हा नसून 'पुढे काय' हा असला पाहिजे, आणि मी २०१८ मध्ये तो विचारला नाही.

त्या प्रश्नाला २०२१ च्या अल्बमने जे उत्तर दिले ते मला अजिबात आवडले नव्हते. तो तासाभराहून लांब होता, गाण्यांवर तंतुवाद्यांचे थर चढवलेले होते, शेवटचे गाणे तर जवळजवळ नऊ मिनिटे चालते. झेपेलिनचे जे मोठेपण होते ते त्यात थोडे आणि जे मोठे दोष होते, म्हणजे पाल्हाळ, गूढपणाचा आव, स्वतःच्याच भव्यतेवर भाळणे, ते मात्र पुरेपूर उतरले होते. मोराच्या डोळ्याजवळची चूक त्यांनी धागा मोजून उतरवली होती.

'स्टारकॅचर' मात्र त्रेचाळीस मिनिटांत संपतो. दहा गाणी, म्हणजे जुन्या तबकडीच्या दोन बाजूंना बसतील एवढीच. निर्माता डेव्ह कॉब, आणि ध्वनिमुद्रण नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ ए मध्ये. ही तीच इमारत, जी २०१४ मध्ये एका बिल्डरने विकत घेऊन पाडायचे ठरवले होते आणि संगीतवाल्यांनी आरडाओरडा करून वाचवली. गिरण्यांचे भोंगे बंद पडताना पाहिलेल्या गावच्या माणसाला अशी बातमी वाचून थोडा हेवा वाटणारच. कॉबची ख्याती अशी की तो वादकांना एका खोलीत उभे करतो, फार तालीम होऊ देत नाही आणि वाजवायला लावतो. वेगवेगळे वाजवून नंतर संगणकावर एकत्र शिवायचे, हा आजचा सर्रास प्रकार त्याला फारसा मानवत नाही.

याचा परिणाम काय होतो हे मला शब्दांत पकडता येत नव्हते. ते अप्पांनी पकडले. गेल्या रविवारी दुपारी मी 'द फॉलिंग स्काय' स्पीकरवर लावले होते. सरळ, रांगडे, ब्लूजच्या वळणाचे गाणे, मधे माउथ ऑर्गनचा एक झणझणीत तुकडा. अप्पा कडक भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत बसले होते. त्यांना इंग्रजी गाण्यांत काडीचा रस नाही. त्यांचा सगळा जीव नाट्यसंगीतात. पण आयुष्यभर मागाच्या आवाजात काढलेल्या माणसाचा कान ठोक्याला फार तिखट असतो. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, "हा यंत्रमाग नाही. हातमाग आहे." मी गाणे थांबवून विचारले की कशावरून. ते म्हणाले, "यंत्रमागाचा ठोका मेलेला असतो, रात्रभर ऐक, बदलणार नाही. हा मधे जरा ओढतोय, मग पळतोय. माणूस बसलाय त्याच्यावर." एवढे सांगून त्यांनी शेंगा चटणी मागितली आणि विषय संपवला.

मी ते गाणे पुन्हा लावले आणि या वेळी फक्त डॅनी वॅग्नरकडे कान दिला. खरोखरच, माउथ ऑर्गनच्या आधी ड्रम किंचित मागे रेलतो, जणू पुढच्याला वाट देतो, आणि तुकडा संपताच चौघेही थोडे घाई करतात. ही घाई कुणी दुरुस्त केलेली नाही. आजच्या बहुतेक ध्वनिमुद्रणांत ती एका क्लिकने सरळ केली गेली असती. पेहराव जुना करणे सोपे असते, गिटारही जुनी मिळते, जेक तर १९६१ ची गिब्सन एसजी वाजवतो. पण ठोका सैल सोडून तो तसाच बाजारात आणणे, यासाठी एकमेकांवर भरवसा लागतो, आणि तो कोवळ्या वयापासून एकत्र वाजवल्याशिवाय येत नाही. या अल्बमची वीण म्हणतात ती इथे आहे.

'रनवे ब्लूज' तर जेमतेम सव्वा मिनिटाचे आहे. दार उघडावे, आतून कल्ला कानावर पडावा आणि कुणीतरी दार लावून घ्यावे, तसे ते येते आणि जाते. २०२१ मध्ये याच मुलांनी त्याची सात मिनिटे केली असती. 'मीटिंग द मास्टर' साध्या अकूस्टिक गिटारवर हळुवार सुरू होते आणि शेवटाकडे जॉश असा सुटतो की स्पीकरचा आवाज कमी करावा लागतो. हे गाणे मला आवडते, पण त्याची चढण मला पाठ आहे. असे हळू सुरू होऊन आभाळाला भिडणारे गाणे पन्नास वर्षांपूर्वी झेपेलिननेच लिहून ठेवले आहे आणि इथे त्या मोराची पिसे मोजता येतात. 'द आर्चर' आणि त्याच्या मागेपुढे अल्बम थोडा ढिला पडतो. सगळ्यात कच्ची बाजू शब्दांची. तारे, आकाश, गुरू, नियती, प्रकाश; एखाद्या नवकवीने पहिल्या संग्रहात वापरावेत असे हे मोठमोठे शब्द, आणि त्यांच्यामागे एकही माणूस, एकही घर दिसत नाही. जॉश जेव्हा नुसता 'आ'कार लावतो तेव्हा तो अधिक काही सांगतो, असे माझे प्रामाणिक मत आहे.

अपवाद एका गाण्याचा, आणि तिथे मी निःपक्षपाती नाही. 'सेक्रेड द थ्रेड', पवित्र धागा. नाव वाचून मी जानव्याची किंवा राखीची कल्पना केली होती, पण हे गाणे रंगमंचावर घालायच्या कपड्यांविषयी आहे. जॉश भरतकाम केलेले, जरीचे, डोळे दिपवणारे एकसंध पोशाख घालून गातो आणि त्या पोशाखालाच त्याने हे गाणे वाहिले आहे. संथ चालीचे, जड पावलांचे गाणे, गिटार पुन्हा पुन्हा त्याच चार सुरांवर येते, जसा धोटा परत येतो. इथे पहिल्यांदा तो आभाळातून खाली उतरून हाताला लागणाऱ्या वस्तूबद्दल बोलतो, आणि गाणे लगेच माणसाळते. एक मात्र म्हणेन: कपडा घालणाऱ्याला त्यात जागा आहे, विणणाऱ्याला नाही. आमच्या साखर पेठेत हे गाणे लिहिले गेले असते तर निदान एक कडवे कांड्या भरणाऱ्या बाईला मिळाले असते.

जुन्याचा हा जो बाजार सध्या भरला आहे त्याबद्दल मला फार प्रेम नाही. कॅसेट आणि तबकड्या पुन्हा विकल्या जातात, नव्या कोऱ्या जीन्स फाडून येतात, आणि भाच्याच्या अंगावर झेपेलिनचा टी-शर्ट असतो पण त्यांचे एक गाणे त्याला पूर्ण येत नाही. तरीही 'स्टारकॅचर' मी गेल्या तीन आठवड्यांत वीसेक वेळा ऐकला आहे आणि त्याचे एक कारण असे आहे जे कुठल्याही समीक्षकाला सापडणार नाही.

जॉश किश्काचा आवाज प्लांटपेक्षा चढा आहे. अधिक पातळ, अधिक कर्कश, श्वासाला थोडा उतावळा. ज्यांनी झेपेलिन बरोबर वेगाने ऐकला त्यांना ही नक्कल ओढूनताणून केलेली वाटते, आणि त्यांचे चुकते असे नाही. पण मी तो अर्धा सूर वर ऐकला होता. 'फेट ऑफ द फेथफुल' या पहिल्याच गाण्यात जॉश वर जातो तेव्हा मला प्लांट आठवत नाही. मला नवी पेठेतल्या दुकानदाराचे वेगाने फिरणारे यंत्र आठवते, वरच्या खोलीतली जून महिन्याआधीची दुपार आठवते, पत्र्यावर तापलेले ऊन, खाली अप्पांच्या पियानो मशीनची टकटक आणि कानाशी धरलेला टेपरेकॉर्डर. सीडीने २००१ मध्ये माझ्याकडून काढून घेतलेला तो आवाज मिशिगनच्या एका पोराने, काहीही ठाऊक नसताना, जसाच्या तसा परत आणून दिला आहे. त्याने झेपेलिनची नक्कल केली असेल. माझ्यापुरती ती माझ्या कॅसेटची निघाली, चुकलेल्या भोकासकट.

भाच्याला हे फोनवर सांगितले तर तो म्हणाला, "मामा, ती कॅसेट आहे का अजून? मला ऐकायचीय." कॅसेट होती, पण टेपरेकॉर्डरचा पट्टा विरघळून काळ्या डिंकासारखा झाला होता. परवा तो सात रस्त्याजवळच्या एका कारागिराकडे घेऊन गेलो. त्याने नवा पट्टा चढवला, माझीच कॅसेट घालून पाहिली, भुवया उंचावल्या आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेत म्हणाला, "मशीन जरा फास्ट पळायलंय साहेब, स्पीड कमी करतो." मशीन ठीक आहे, कॅसेटच तशी आहे, हे त्याला पटवून देईपर्यंत पाच मिनिटे गेली, आणि तेवढ्यात एक बाजू संपत आली होती.